तसं बघायला गेलं तर

मनवा अडीच वर्षांची झाली
आणि अख्ख्या बिल्डिंगला कंठ फुटला.

खांबेटेकाका म्हणाले, मराठीतच घाला,
पाया मातृभाषेतच पक्का होतो, हे शास्त्र आहे.
त्यांचे दोन्ही नातू टोरांटोला.
रविवारी फोनवर 'आजोबा' एवढं स्वच्छ म्हणतात,
पुढचं काकांना कळत नाही,
तरी ते हो हो करत राहतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या ननावरेबाई म्हणाल्या,
मराठी? आणि पाचवीत काय करणार?
(पाचवी. मनवाला अजून
डावी चप्पल कुठली ते कळत नव्हतं.)

गिरणीत, ज्वारीच्या डब्यांच्या रांगेत,
नाझनीन अत्तार हळूच म्हणाल्या,
पहिल्या वर्षाची फी विचारूच नका भाऊ,
तिसऱ्या वर्षाची विचारा.
बोलता बोलता त्यांच्या भुवयांवर
पीठ बसत गेलं.

इस्त्रीवाले राऊत शाळा ओळखतात कपड्यांवरून.
म्हणाले, त्या कोपऱ्यावरच्या 'टिमटिम'चे फ्रॉक
धुवायला काही लागत नाही, नुसती घडी मोडायची.
मातीच नाही तिथं.
आता हे चांगलं का वाईट, ते तुम्ही ठरवा,
तुम्ही शिकलेली माणसं.

ऑफिसातला डोईफोडे म्हणाला, आमच्याकडे कॅमेरे आहेत,
घरबसल्या सगळं दिसतं.
मीटिंगमध्ये तो टेबलाखाली मोबाईल धरतो.
मीही एकदा वाकून पाहिलं:
त्याचा ओजस घसरगुंडीच्या खाली
बसलेला,
चहा आला तेव्हा बसलेला,
मीटिंग संपली तेव्हाही.

आई भोरहून फोनवर म्हणाली,
तुला घालताना कुणाला विचारलं होतं रे?
शेजारची पोरं निघाली,
तूही निघालास त्यांच्यामागं,
एका पायात चप्पल.

शलाकानं दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर
रकाने आखले होते. फी. अंतर. बस. माध्यम. स्वच्छतागृह.
शेवटचा रकाना तिनं मोकळाच ठेवला,
मथळाही नव्हता त्याला.

'टिमटिम'मध्ये मुलाखत झाली, आमची.
काचेच्या टेबलापलीकडून विचारलं,
तुमच्या मुलीची बलस्थानं सांगा.
मी कंपनीतला माणूस, मी जमवत होतो काहीतरी.
शलाका म्हणाली,
ती झोपेत हसते.
बाईंचं पेन कागदावर टेकलं
आणि तसंच उचललं गेलं.

मग हिंगण्यात, कालव्याच्या अलीकडे,
एका जुन्या बंगलीत गेलो.
पाटीवरचा एक काना पडलेला.
कुणीच शिफारस केलेली नव्हती,
वाईटही कुणी बोललं नव्हतं.
ऊन टळायची वाट बघत
आम्ही आत शिरलो इतकंच.

मनवा माझ्या बोटातून सुटली
आणि अंगणातल्या नळापाशी जाऊन उभी राहिली.
नळ तिच्या छातीएवढा.
तिनं तो उघडला.
बंद केला.
उघडला.
आजवर तिला कुणीतरी उचलूनच
पाण्यापर्यंत न्यावं लागलं होतं.
कुणी ओरडलं नाही.
एक बाई येता येता तिची बाही
कोपरापर्यंत सारून गेल्या, न थांबता.

फॉर्म तिथलाच भरला.
ननावरेबाई म्हणाल्या, बघा हं, तुमची मुलगी.
खांबेटेकाका म्हणाले, अर्धं इंग्रजी आहे तिथं, ऐकलंय मी.
राऊतांनी पहिल्याच शनिवारी फ्रॉक उलटसुलट करून पाहिला,
खिशातून दोन खडे काढून
माझ्या हातावर ठेवले. बोलले काही नाहीत.

परवा लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचं नवं जोडपं,
बाळ अजून पोटात.
शाळा कशी आहे हो तुमच्या मुलीची?
माझा घसा आपोआप साफ झाला.
तसं बघायला गेलं तर, मी म्हणालो,
आणि फी सांगितली, तिसऱ्या वर्षाची सुद्धा,
बसमधली मावशी, माध्यम, पाया,
पावसाळ्यात कोपऱ्यावर तुंबणारं पाणी.
तिसऱ्या मजल्यापर्यंत छान पुरलं.

दार मिटलं
तेव्हा आठवलं, नळाचं राहिलं.
बटण दाबलं.
लिफ्ट वर निघून गेली होती.